‘हार्डर’ विशेषण की क्रियाविशेषण? इंग्रजी वाक्यातल्या शब्दांच्या जाती आणि तुलनेची रूपं ओळखायची कशी?

शाईपेन

नमस्कार मंडळी. मुलगी सातवीत आहे. अधोरेखित शब्दाची जात ओळखा आणि तुलना असेल तर कोणती डिग्री (पॉझिटिव्ह म्हणजे मूळ रूप, कम्पॅरेटिव्ह म्हणजे ‘अधिक’, सुपरलेटिव्ह म्हणजे ‘सर्वांत’) ते लिहा, असा तिचा स्वाध्याय आहे. आमचं घोडं या तीन वाक्यांवर अडलंय:

शी वर्क्स हार्डर दॅन हर ब्रदर.
धिस इज अ हार्डर क्वेश्चन.
ही हार्डली वर्क्स.

तिने दोन याद्या पाठ केल्या आहेत, एक विशेषणांची, एक क्रियाविशेषणांची. ‘हार्ड’ विशेषणांच्या यादीत आहे, म्हणून तिने तिन्ही ठिकाणी विशेषण लिहिलं. उत्तरसूची वेगळं सांगते, पण का ते सांगत नाही. शिवाय ‘मोअर’ची भानगड आहेच. ‘आय नीड मोअर टाइम’ आणि ‘मोअर ब्यूटिफुल’ यांतला ‘मोअर’ एकाच जातीचा का?

याद्या पाठ करून हे जमणार नाही असं माझं ठाम मत झालंय. मग मुलांना नेमकं काय शिकवायचं, ते जाणकारांनी सांगावं.

टिंबटिंब

याद्या पाठ करूनच आमची अख्खी पिढी पास झाली की! आठ जाती, तीन डिग्र्या, विषय संपला.

खडूफळा

टिंबटिंब, पास होणं आणि ओळखता येणं यांत फरक आहे. यादीतला शब्द यादीबाहेरच्या वाक्यात भेटला की पाठांतरवाली मुलं हमखास गांगरतात. हे मी वर्गात वर्षानुवर्षं बघितलंय.

शाईपेन, आधी उत्तरं. पहिल्या वाक्यात ‘हार्डर’ क्रियाविशेषण, कम्पॅरेटिव्ह डिग्री. दुसऱ्यात विशेषण, कम्पॅरेटिव्ह डिग्री. तिसऱ्यात ‘हार्डली’ क्रियाविशेषण, पण तुलना अजिबात नाही. आणि त्याचा अर्थ ‘कष्टाने’ असा नसून ‘जवळजवळ नाहीच’ असा आहे. म्हणजे पहिल्या वाक्यातली बहीण राबते आणि तिसऱ्यातला तो काम केल्यासारखं करतो.

आता ओळखायचं कसं. आधी क्रियापद शोधायचं. मग विचारायचं, हा शब्द कुणाबद्दल सांगतोय? ‘वर्क्स’बद्दल सांगत असेल तर क्रियाविशेषण, ‘क्वेश्चन’बद्दल सांगत असेल तर विशेषण. एवढ्यावर खात्री पटली नाही तर बदली खेळाडू उतरवायचा. ज्या शब्दाचं विशेषण आणि क्रियाविशेषण दिसायला वेगळं असतं असा शब्द घ्या, म्हणजे ‘केअरफुल’ आणि ‘केअरफुली’. ‘शी वर्क्स मोअर केअरफुली दॅन हर ब्रदर’ बरोबर लागतं, ‘शी वर्क्स मोअर केअरफुल’ कानाला खटकतं. म्हणजे ती जागा क्रियाविशेषणाची. दुसऱ्या वाक्यात ‘अ मोअर डिफिकल्ट क्वेश्चन’ बसतं, तिथे ‘ली’वाला शब्द घालूनच बघा, बसणार नाही. अर्थ थोडा बदलला तरी चालेल, आपण जागा तपासतोय.

‘फास्ट’, ‘लेट’, ‘अर्ली’, ‘हाय’, ‘लो’, ‘स्ट्रेट’ हे सगळे असेच दोन्ही कामं करणारे. ‘अ फास्ट रनर’ आणि ‘ही रन्स फास्ट’. त्यांची तुलनेची रूपंही दोन्हीकडे तीच राहतात, म्हणून नुसतं ‘फास्टर’ बघून जात सांगताच येत नाही. वाक्य लागतंच.

नदीकाठ

बदली खेळाडू आवडला. वाचनखूण साठवली.

परीक्षार्थी२५

सर, शेवटी ‘ली’ असेल तर डोळे झाकून क्रियाविशेषण लिहायचं ना? क्लासमध्ये तेच सांगितलंय.

कोशकीटक

डोळे झाकू नका! ‘फ्रेंडली’, ‘लव्हली’, ‘कॉस्टली’, ‘कावर्डली’ ही सगळी विशेषणं आहेत. ‘ली’ कशाला लागलंय ते बघायचं. विशेषणाला लागलं तर बहुतेक वेळा क्रियाविशेषण तयार होतं: क्विक–क्विकली, सॅड–सॅडली. नामाला लागलं तर बहुधा विशेषण तयार होतं: फ्रेंड–फ्रेंडली, कॉस्ट–कॉस्टली. ‘डेली’ आणि ‘वीकली’ मात्र दोन्हीकडे चालतात.

म्हणूनच ‘ही स्पोक फ्रेंडली’ चुकीचं ठरतं. इंग्रजीत तिथे ‘इन अ फ्रेंडली वे’ असा वळसा घ्यावा लागतो.

परीक्षार्थी२५

अरे वा, हे कुणीच सांगितलं नव्हतं. मग ‘इअर’ आणि ‘एस्ट’ने संपणाऱ्या शब्दांतही असेच सापळे असतील?

कोशकीटक

भरपूर! ‘क्लेव्हर’, ‘बिटर’, ‘प्रॉपर’, ‘ईगर’ ही सगळी पॉझिटिव्ह डिग्री. शेवटी ‘र’ आहे म्हणून कम्पॅरेटिव्ह समजायचं नाही. ‘टीचर’, ‘रनर’मधला ‘र’ तर ते काम करणारा माणूस दाखवतो. ‘ऑनेस्ट’ आणि ‘मॉडेस्ट’ सुपरलेटिव्ह नाहीत, ‘फॉरेस्ट’ तर नाम आहे. शेपूट काढून मागे अर्थपूर्ण विशेषण उरतं का, हे बघायचं. ‘टॉलेस्ट’मधून ‘टॉल’ उरतं. ‘ऑनेस्ट’मधून काय उरणार?

सगळ्यात मजेशीर जोडी म्हणजे ‘नंबर’. संख्या या अर्थाचं नाम आणि ‘नम्ब’, म्हणजे बधिर, याचं कम्पॅरेटिव्ह रूप, दोन्हींचं स्पेलिंग अक्षर न् अक्षर सारखं. उच्चार तेवढा वेगळा, दुसऱ्याचा ‘नमर’.

अव्ययीभाव

खडूफळा सरांशी सहमत, पण मला एक भर घालावीशी वाटते. मराठी मुलं ‘हार्ड’, ‘गुड’ अशा ठिकाणी का चुकतात याचं एक कारण खुद्द मराठीत आहे.

आपण ‘ती चांगली मुलगी आहे’ म्हणतो आणि ‘ती चांगली गाते’ असंही म्हणतो. दोन्हीकडे ‘चांगली’च. पहिलं विशेषण, दुसरं क्रियाविशेषण. वर आपलं क्रियाविशेषण लिंगाप्रमाणे बदलतंही: तो चांगला गातो, ती चांगली गाते. आपल्या व्याकरणात याला सविकारी क्रियाविशेषण म्हणतात. या सवयीचं मूल इंग्रजीत ‘शी सिंग्ज गुड’ लिहितं, आणि त्यात त्याला काहीच वावगं वाटत नाही. प्रमाण इंग्रजीला तिथे ‘वेल’ हवं असतं.

तुलनेचंही तसंच. मराठीत विशेषण जागचं हलत नाही. ‘राम उंच आहे’, ‘राम श्यामपेक्षा उंच आहे’, ‘राम सर्वांत उंच आहे’. तिन्हीकडे ‘उंच’. तुलनेचं सगळं ओझं ‘पेक्षा’, ‘हून’ आणि ‘सर्वांत’ वाहतात. त्यामुळे मूल ‘पेक्षा’च्या जागी ‘दॅन’ ठेवतं आणि ‘राम इज टॉल दॅन श्याम’ लिहून मोकळं होतं. त्याच्या दृष्टीने तुलना झालेली असते. ही चूक सुधारताना ‘नियम विसरलास’ म्हणून भागत नाही. इंग्रजीत खूण दोन ठिकाणी लागते, विशेषणावर एक आणि पुढे ‘दॅन’, हे दोन्ही भाषांची वाक्यं शेजारी लिहून दाखवावं लागतं.

याउलट टोक म्हणजे ‘मोअर टॉलर’. तिथे विशेषणावरच दोनदा खूण लागते.

शाईपेन

अव्ययीभाव, अगदी हेच! ‘टॉल दॅन’ आमच्या वहीत पानोपानी आहे.

टिंबटिंब

मग ‘इअर’ लावायचं की ‘मोअर’, हे तरी पाठ करावं लागेल की नाही?

खडूफळा

थोडंसं, तेही कानाने. एका उच्चारघटकाचा शब्द असेल तर शेपूट: टॉलर, कोल्डर. तीन किंवा जास्त असतील तर ‘मोअर’: मोअर ब्यूटिफुल, मोअर इंटरेस्टिंग. मधली दोन घटकांची मंडळी त्रास देतात. ‘वाय’ने संपणारे शेपूट घेतात, तेव्हा ‘वाय’चा ‘आय’ होतो: हॅपिअर, ईझिअर. ‘नॅरो’ आणि ‘सिंपल’ही शेपूट घेतात. ‘केअरफुल’, ‘मॉडर्न’, ‘फेमस’ यांना ‘मोअर’च. ‘क्लेव्हर’, ‘कॉमन’ यांना दोन्ही चालतं. ‘क्विकली’सारखी ‘ली’ने तयार झालेली क्रियाविशेषणं ‘मोअर’ घेतात.

कमीपणा दाखवायचा असेल तर मात्र शेपटाची सोयच नाही. शब्द छोटा असो की मोठा, ‘लेस’ आणि ‘लीस्ट’च.

शाईपेन यांचा ‘मोअर’ राहिलाच होता. ‘मोअर टाइम’मध्ये तो नामाआधी येऊन किती ते सांगतो, म्हणून शालेय व्याकरणात विशेषण. ‘मोअर ब्यूटिफुल’मध्ये तो विशेषणाला जोर देतो, म्हणून क्रियाविशेषण. ‘आय वॉन्ट मोअर’मध्ये पुढे नामच नाही, तो स्वतःच नामाच्या जागी उभा आहे, म्हणून सर्वनाम. क्रियाविशेषण फक्त क्रियापदाबद्दल सांगतं हा नावामुळे होणारा गैरसमज आहे. ते विशेषणाबद्दल आणि दुसऱ्या क्रियाविशेषणाबद्दलही सांगतं.

मध्यरात्र

इथे मला थोडा विरोध नोंदवायचाय. ‘मोअर टाइम’, ‘माय बुक’, ‘धिस हाउस’ यांतल्या पहिल्या शब्दाला विशेषण म्हणणं आता जुनं झालं. आधुनिक व्याकरणं त्यांना डिटर्मिनर म्हणतात, म्हणजे नामाआधी येऊन कुठलं, कुणाचं, किती ते ठरवणारे शब्द, आणि ते सकारण आहे. ‘बिग’ला ‘व्हेरी’ लागतं, ‘बिगर’ होतं, ‘द हाउस इज बिग’ म्हणता येतं. ‘माय’ला यातलं काय जमतं? विशेषणाची एकही परीक्षा जो शब्द पास होत नाही त्याला विशेषण कसं म्हणायचं?

तोच मुद्दा ‘स्टोन वॉल’चा. बरीच गाइडं ‘स्टोन’ला विशेषण म्हणतात, कारण तो ‘वॉल’बद्दल सांगतो. पण ‘व्हेरी स्टोन वॉल’ होत नाही, ‘मोअर स्टोन’ होत नाही. तो नामच आहे, फक्त दुसऱ्या नामाचं वर्णन करतोय. ‘स्टोनी’ हे विशेषण. काम आणि जात या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या तर निम्मे घोळ मिटतील.

खडूफळा

मध्यरात्र, तुमचं शास्त्र बरोबर आहे. पण मुलांच्या पुस्तकात ‘माय’ पझेसिव्ह अ‍ॅडजेक्टिव्ह म्हणून छापलेलं असेल तर पेपरात तेच लिहावं लागेल. सातवीच्या मुलीला दोन परिभाषांच्या कात्रीत धरू नका.

मध्यरात्र

पेपरात तेच लिहावं, मान्य. पण तिने ‘का’ विचारलं तर गप्प बसवू नये एवढंच. ‘व्हेरी’ लावून बघ, ‘इअर’ लावून बघ, हे प्रयोग सातवीतलं मूल आनंदाने करतं. तुलना होते का, हीच तर विशेषण ओळखायची एक चांगली कसोटी आहे. ‘डेड’, ‘वुडन’ अशी काही विशेषणं तिच्यात नापास होतात, पण दिशा कळते.

अव्ययीभाव

थोडं अवांतर, पण या वादाशी संबंध आहे. आठ हा आकडा काही दगडावरची रेघ नाही. ग्रीक वैयाकरण डायोनिसिअस थ्रॅक्सच्या नावावर असलेल्या व्याकरणात आठ जाती आहेत, पण आपल्या शाळेतल्या आठ नव्हेत. त्यांत विशेषण वेगळं नाही, ते नामातच धरलंय. धातुसाधित आणि आर्टिकल मात्र स्वतंत्र आहेत. लॅटिनमध्ये आर्टिकलच नाही, तेव्हा रोमन वैयाकरणांनी ते काढलं, केवलप्रयोगी वेगळं केलं आणि आकडा आठच राहिला. पुढे युरोपात विशेषण नामापासून सुटलं, धातुसाधित गळलं, आणि इंग्रजी शाळांत पुन्हा आठच!

आपल्याकडे संस्कृतातल्या यास्क या प्राचीन शब्दशास्त्रकाराने चारच सांगितल्या: नाम, आख्यात (क्रियापद), उपसर्ग, निपात (अव्ययं). दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण 1836 साली छापलं गेलं. इंग्रजी व्याकरणाच्या वळणावर मराठीची मांडणी करण्याची वाट तिथून रुळली. म्हणून मराठीतल्या आठ जाती इंग्रजीशी इतक्या जुळतात. प्रिपोझिशनचं तेवढं उलटं, ते नामाच्या आधी येतं आणि आपलं शब्दयोगी अव्यय नामाला मागून चिकटतं.

नदीकाठ

म्हणजे कप्पे माणसांनी केलेत, शब्दांनी नाही. ‘राउंड’ शब्दावर हे मस्त दिसतं. ‘अ राउंड टेबल’ विशेषण, ‘द फर्स्ट राउंड’ नाम, ‘दे राउंडेड द कॉर्नर’ क्रियापद, ‘टर्न राउंड’ क्रियाविशेषण, ‘राउंड द सन’ शब्दयोगी. एकटा गडी पाच कप्प्यांत.

टिंबटिंब

याद्यांवरचा माझा विश्वास डळमळतोय. पाचही याद्यांत ‘राउंड’ लिहायचं तर पाठ कशाला करायचं?

परीक्षार्थी२५

डिग्री बदलण्याबद्दल कुणी सांगेल का? स्पर्धा परीक्षेला हमखास येतं. ‘एनी अदर’मधला ‘अदर’ का लागतो, हे मला कधीच कळलं नाही.

खडूफळा

गुरू ग्रहाचं उदाहरण घेऊ.

ज्युपिटर इज द लार्जेस्ट प्लॅनेट इन द सोलर सिस्टिम.
ज्युपिटर इज लार्जर दॅन एनी अदर प्लॅनेट इन द सोलर सिस्टिम.
नो अदर प्लॅनेट इन द सोलर सिस्टिम इज अ‍ॅज लार्ज अ‍ॅज ज्युपिटर.

‘अदर’ काढला तर दुसऱ्या वाक्याचा अर्थ होतो, गुरू सूर्यमालेतल्या कुठल्याही ग्रहापेक्षा मोठा. पण गुरू स्वतःही सूर्यमालेतला ग्रह आहे! म्हणजे तो स्वतःपेक्षाही मोठा ठरला. ‘अदर’ त्याला त्या घोळक्यातून बाहेर काढतो. तुलना घोळक्याबाहेरच्याशी असेल तर ‘अदर’ नको: ‘ज्युपिटर इज लार्जर दॅन एनी मून’. गुरू उपग्रह नाही, मग त्याला बाहेर काढायचा प्रश्नच येत नाही.

‘वन ऑफ द मोस्ट युसफुल मेटल्स’ असं आलं तर पहिला नंबर एकट्याचा नाही. म्हणून ‘व्हेरी फ्यू मेटल्स आर अ‍ॅज युसफुल अ‍ॅज आयर्न’ आणि ‘आयर्न इज मोअर युसफुल दॅन मोस्ट अदर मेटल्स’. ‘वन ऑफ द’नंतर अनेकवचन, हे विसरू नका. मार्क तिथेच जातात.

परीक्षार्थी२५

गुरू स्वतःपेक्षा मोठा! आता जन्मात विसरणार नाही. आणि ‘सीनियर टू’? तिथे ‘दॅन’ का नाही?

कोशकीटक

कारण ‘सीनियर’, ‘ज्युनियर’, ‘सुपीरियर’, ‘इन्फीरियर’ ही लॅटिनमधून तयार कम्पॅरेटिव्ह रूपातच आली. त्यांना ‘मोअर’ लागत नाही, ‘दॅन’ही लागत नाही, ‘टू’ लागतो.

इंग्रजीतही अशी जुनी रूपं दडून बसली आहेत. ‘निअर’ हे मुळात ‘नाय’ म्हणजे जवळ याचं कम्पॅरेटिव्ह होतं, आणि ‘नेक्स्ट’ त्याचं सुपरलेटिव्ह. लोक ते विसरले आणि ‘निअर’लाच पुन्हा शेपूट लावून ‘निअरर’ केलं. ‘रादर’ हेही ‘लवकर’ अर्थाच्या एका जुन्या शब्दाचं कम्पॅरेटिव्ह.

आणि मराठी वाचकांना आवडेल असं एक. इंग्रजीतलं ‘एस्ट’ आणि संस्कृतातलं ‘इष्ठ’ ही सख्खी भावंडं आहेत. ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ यांतलं ‘इष्ठ’. ‘स्वादिष्ठ’ आणि ‘स्वीटेस्ट’ तर मुळापासून शेपटापर्यंत एकाच घडणीचे शब्द आहेत. त्यामुळे ‘श्रेष्ठतम’ म्हणणं म्हणजे सुपरलेटिव्हवर सुपरलेटिव्ह.

अव्ययीभाव

दंडवत! ‘सर्वश्रेष्ठ’ही त्याच रांगेत बसेल.

मध्यरात्र

पण म्हणून ‘श्रेष्ठतम’ला चूक म्हणू नये. भाषेत शेपटं झिजतात आणि लोक नवी लावतात, वर ‘निअरर’चं झालं तसंच. 16व्या–17व्या शतकातल्या चांगल्या इंग्रजी लेखनातही ‘मोअर’ आणि ‘इअर’ एकत्र सापडतात. आज ते शाळेत चूक धरलं जातं, तेव्हा जोर देण्याची रीत होती. अमेरिकेच्या 1787 सालच्या राज्यघटनेची सुरुवात बघा, तिथे ‘मोअर परफेक्ट युनियन’ आहे. परिपूर्णाला अधिक परिपूर्ण कसं करणार, असं कुणी विचारेल. पण वाचणाऱ्याला अर्थ नेमका कळतो.

टिंबटिंब

माझाही एक प्रश्न. ‘टॉलर दॅन आय’ की ‘टॉलर दॅन मी’?

मध्यरात्र

बोलण्यात ‘मी’ सर्रास चालतं, औपचारिक लेखनात ‘दॅन आय अ‍ॅम’ लिहून मोकळं व्हावं. ‘दॅन’ला उभयान्वयी मानलं तर ‘आय’, शब्दयोगी मानलं तर ‘मी’. पण कधी कधी अर्थच बदलतो. ‘शी लाइक्स यू मोअर दॅन आय’ म्हणजे मला तू जितका आवडतोस त्याहून तिला जास्त आवडतोस. ‘मोअर दॅन मी’ म्हणजे तिला माझ्यापेक्षा तू जास्त आवडतोस. हे वाक्य पाठवण्याआधी दोनदा वाचावं.

टिंबटिंब

भलत्याला पाठवलं तर महाभारत!

शाईपेन

मंडळी, मनापासून आभार. याद्यांची वही बाजूला ठेवून आम्ही बदली खेळाडू खेळायला बसलो. ‘हार्डर’ची तिन्ही वाक्यं तिला आता कारणासकट सांगता येतात. पण तिनेच एक वाक्य काढून मला पेचात टाकलंय: ‘ही लुक्स हॅपिअर टुडे’. ‘हॅपिअर’ क्रियापदाला चिकटून आहे, म्हणून ती क्रियाविशेषण म्हणते. मी विशेषण म्हणतोय, पण कारण सापडत नाही.

खडूफळा

शाबास तिची! शब्द शेजारी कुणाच्या बसलाय ते पाहू नका, सांगतोय कुणाबद्दल ते पाहा. ‘हॅपिअर’ हे बघण्याच्या क्रियेबद्दल सांगतं का? नाही, ‘ही’बद्दल सांगतं. तो आनंदी दिसतो. ‘लुक्स’च्या जागी ‘इज’ घालून बघा: ‘ही इज हॅपिअर’. वाक्य टिकलं, तर ते क्रियापद नुसतं जोडणारं आणि पुढचा शब्द विशेषण. ‘शी लुक्ड अँग्री’मध्ये ‘वॉज’ बसतं. ‘शी लुक्ड अँग्रिली अ‍ॅट हिम’मध्ये बसत नाही, तिथे खरोखर डोळे वटारले आहेत. ‘स्मेल’, ‘टेस्ट’, ‘फील’, ‘साउंड’, ‘सीम’, ‘बिकम’ यांनाही हीच कसोटी लावा.

शाईपेन

‘इज’ बसलं! पटलं तिला. आता तिचं पुढचं आलंय: ‘द सूनर, द बेटर’. यात नाम कुठेच नाही, मग आर्टिकल कशाला आलं, असं विचारतेय.

कोशकीटक

तिला सांगा, ते आर्टिकल नाहीच, दिसायला फक्त तसं आहे. हा ‘द’ जुन्या इंग्रजीतल्या दर्शक सर्वनामाच्या तृतीयेसारख्या रूपातून आलाय, अर्थ ‘तितक्याने’. म्हणून इथे तो क्रियाविशेषण. ‘जितकं लवकर तितकं चांगलं’ यातले आपले ‘जितकं’ आणि ‘तितकं’ जे करतात तेच हे दोन ‘द’ करतात. पुढचे ‘सूनर’ आणि ‘बेटर’ दोन्ही कम्पॅरेटिव्ह. ‘ऑल द बेटर’, ‘नन द वाइझर’ यांतही हाच ‘द’ आहे. तिला ‘द मोअर यू रीड, द मोअर यू नो’ हे वाक्य द्या आणि दोन ‘द’, दोन ‘मोअर’ यांच्या जाती लावायला सांगा. उत्तर इथे नक्की टाका.